तीन वेताळ आणि एक हत्ती

आमच्या लहानपणी वेताळ तीन होते.

पहिला झाडाला उलटा लटकायचा, दर महिन्याला एक गोष्ट सांगायचा आणि उत्तर मिळालं की पुन्हा झाडावर जाऊन बसायचा. तो 'चांदोबा'तला. दुसरा तोंडावर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं आणि विजारीवरून चड्डी अशा थाटात डेंकालीच्या जंगलात पांढरा घोडा उधळायचा. तो 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला. तिसरा आमच्या आजीचा. तो आरवलीच्या देवळात उभा होता आणि त्याला नवसाला केळ्यांचा घड आणि हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला लागत. तिघांचं नाव एक, म्हणजे ते चुलतभाऊ असणार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. त्यात मला काही वावगं वाटत नसे. आमच्याही घरात एक काका गावी राहिले होते, बाबा गिरगावात चौथ्या मजल्यावर लटकले होते आणि धाकटे काका मस्कतला गेले होते.

पहिल्या वेताळाची आमच्या घरी सगळ्यात जास्त इज्जत, कारण 'चांदोबा' घरी विकत यायचा. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने १९४७ साली मद्रासमध्ये हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं आणि १९५२ पासून ते मराठीत येऊ लागलं. हीच मंडळी सिनेमेही काढत, 'मायाबझार' त्यांचाच. हे मला फार उशिरा कळलं, आणि मग 'चांदोबा'तला प्रत्येक राजवाडा इतका स्वच्छ, नुकताच रंग दिलेला आणि मागच्या बाजूने पोकळ का वाटायचा, त्याचा उलगडा झाला. गोष्ट काश्मीरची असो की वंगदेशाची, गावाबाहेर नारळाची झाडं असायचीच आणि बायकांच्या केसांत गजरे. सगळा भारत मद्रासच्या आसपास वसलेला आहे, असा माझा भूगोल त्या काळात पक्का झाला. शाळेतल्या भूगोलाने पुढे तो मोडायचा प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता.

एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि चेहऱ्यावर 'आज लवकर निघायला हवं होतं' असे भाव असलेला तो विक्रमराजा 'शंकर' यांनी काढलेला. त्यांचं पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. नव्वदी ओलांडून २०२० साली ते गेले. त्यांच्या राजाच्या नशिबी मात्र सुटका नव्हती. मूळ 'वेताळ पंचविशी'त गोष्टी पंचवीस. महिन्याला एक धरली तर दोन वर्षं एक महिन्यात राजाने मोकळं व्हायला हवं. पण मासिकवाल्यांनी नव्यानव्या गोष्टी रचून त्याला वर्षानुवर्षं त्या मसणवाटेत फिरवलं. इतकी वर्षं रोज तेच ओझं उचलून रोज तिथल्या तिथेच येणारा माणूस मी आणखी एकच पाहिला होता. ते आमचे बाबा, आणि ते चर्चगेटला नोकरीला होते.

आमच्या चाळीतला पम्या या प्रकाराने फार अस्वस्थ होई.

"राजाने एकदाच गप्प बसावं ना," तो म्हणायचा. "बोलतो म्हणून वेताळ पळतो."

"उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं होतील, असं वेताळ सांगतो दरवेळी," मी म्हटलं.

"मग 'माहीत नाही' म्हणायचं! मी वर्गात रोज म्हणतो. झालंय काही माझ्या डोक्याला?"

आम्ही सगळ्यांनी पम्याच्या डोक्याकडे निरखून पाहिलं. खरंच काही झालं नव्हतं. विक्रमादित्याला जे सुचलं नाही ते चौथी 'ब'मधल्या मुलाला सुचलं होतं. त्याचं हे तत्त्वज्ञान पुढे फार महागात पडणार होतं, आणि तेही त्याला एकट्यालाच.

दुसरा वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. त्याचा जन्म १९३६ सालचा आणि अमेरिकेतला. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं, ते १९९० पर्यंत चाललं. त्याच्या मराठी अंकांत फँटमचा वेताळ झाला. आम्हाला तो परका वाटलाच नाही, आणि त्याचं खरं कारण होतं त्याची चड्डी. ती पट्ट्यापट्ट्यांची होती. त्या काळी पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी चाळीतल्या प्रत्येक बाप्याच्या अंगात असे. म्हणजे वेताळाचा अर्धाअधिक पोशाख रोज सकाळी आमच्या गॅलरीत दोरीवर वाळत असायचा. बाकीच्या जगातल्या पोरांना वेताळ व्हायला काय खटपट करावी लागत असेल कोण जाणे. पम्या फक्त दोरीखाली उभा राहून उडी मारायचा.

शाळेच्या खाकी पॅंटवर वडिलांची चड्डी, नाडी गुडघ्यापर्यंत लोंबतेय, डोळ्यांवर माझ्या काळ्या रिबिनीला पाडलेली दोन भोकं आणि जिन्याच्या कठड्याचा घोडा. मी अर्थातच डायना पामर. खरं तर ही डायना चांगली शिकलेली, युनोत नोकरी करणारी, पोहण्यात पटाईत बाई. पण आमच्या चाळीत तिला एकच काम होतं, खांबाला बांधून घेणं. एकदा मला बांधून झालं आणि वेताळाला त्याच्या आईने दळणाला पिटाळलं. गिरणीत ही गर्दी. पाऊण तास मी खांबाला. आई बाहेर आली, तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेली आणि सूप घेऊन आली.

"हात मोकळे आहेत ना? मग एवढे तांदूळ निवड."

वेताळाच्या अंगठीवर कवटी असते आणि तो ज्याला ठोसा मारतो त्याच्या जबड्यावर तिचा ठसा कायमचा उमटतो. आम्ही बटाटा अर्धा कापून त्यावर कवटी कोरली. दात कोरताना बटाट्याने दगा दिला. बाबांच्या स्टॅम्प पॅडची शाई लावून तो ठसा चाळीतल्याच दिनूच्या गालावर मारला, तेव्हा उमटली ती कवटी नव्हती, हुबेहूब मारुतीचं तोंड होतं. शाई मात्र अस्सल वेताळाची निघाली, चार दिवस निघेना. शनिवारी दिनूच्या आजीने त्याच्या गालाला तेल वाहिलं, असं दिनू सांगतो. नमस्कार केलेला मी स्वतः पाहिला.

त्याच वर्षी माझी आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली. पट्टी सुटल्यावर नव्या नजरेने ती जे पहिलं लक्ष देऊन पाहू लागली, ते माझ्या मांडीवरचं इंद्रजाल होतं.

"ह्यो कोण गो?"

"वेताळ."

"खंयचो वेताळ? आमचो वेतोबा असो चड्डेर फिरणा नाय हां."

मी तिला समजावलं. हा जंगलात राहतो, गोरगरिबांची राखण करतो, दुष्टांना बडवतो, लोकांना वाटतं हा कधी मरतच नाही. खरं म्हणजे बापामागून मुलगा मुखवटा चढवतो, आताचा एकविसावा आहे, पण जंगलात कोणाला पत्ता नाही. त्याला सगळे चालतं भूत म्हणतात.

आजीने बराच वेळ विचार केला. "चालता ना? मगे तोच तो. पण ह्येच्या चपला खंय?"

"बूट आहेत त्याला, आजी."

"बूटां काय कामाची? झिजतत खंय ती?"

आजीचं म्हणणं अगदी रास्त होतं. आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फिरून राखण करतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून तर लोक नवसाला चपला वाहतात. मला आजही त्या अनाम माणसाचं नवल वाटतं, ज्याने फँटमला मराठीत नाव देताना भूत म्हटलं नाही, पिशाच्च म्हटलं नाही, नेमकं 'वेताळ' म्हटलं. रात्री चालणारा, राखण करणारा, न मरणारा. शब्दकोशात हे सापडत नाही. त्याचीही एखादी आजी कोकणातली असणार.

तेव्हापासून आजी मला दर आठवड्याला विचारी, "वेतोबाचा पुस्तक इला?" मी वाचून दाखवी, ती हात जोडून ऐके. एका मंगळवारी तिने कॉमिक्सपुढे केळं ठेवलं. संध्याकाळी मुंग्या आणि मुखपृष्ठावर डाग. लायब्ररीत दंड २५ पैसे. वेतोबाच्या इतिहासात प्रसादावर दंड बसल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

ही लायब्ररी आमच्या गल्लीत एका जिन्याखाली होती. जिन्याच्या उताराखाली बसल्यामुळे तिथले काका सरळ उभे राहिलेले कोणी पाहिले नव्हते. अंक आला की काका आधी त्याचं मुखपृष्ठ काढून टाकत आणि त्याला तपकिरी कागदाचं कव्हर शिवत. टिकाऊपणा हे कारण. परिणाम असा की आतलं मासिक कोणतं हे उघडल्याशिवाय कळत नसे आणि उघडल्यावरही पुष्कळदा कळत नसे. इंद्रजालवर कव्हर चढवत नसत, कारण ते टिकावं अशी काकांचीच इच्छा नव्हती.

मे महिन्यात आम्ही चौघं चार अंक नेत असू आणि उद्या संध्याकाळपर्यंत चौघांनी चारही वाचायचे. त्यासाठी दिनूच्या घरचं गजराचं घड्याळ जिन्यात आणून ठेवलं जाई. गजर झाला की अंक पुढच्याकडे, मग गोष्टीतला राजपुत्र विहिरीत का पडेना. अदलाबदलीचा भावही ठरलेला होता. एका इंद्रजालला दोन 'चंपक'. 'चंपक' भराभर वाचून होई, आणि कपडे घातलेल्या सशांवर आम्ही तिसरीनंतर विश्वास ठेवत नव्हतो. कपडे घातलेल्या वेताळावर ठेवत होतो.

आयांनी या सगळ्या वाचनाची गीतेप्रमाणे विभागणी केली होती. सात्त्विक 'किशोर', राजस 'अमर चित्र कथा', तामस इंद्रजाल. 'किशोर' बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेला. पाठ्यपुस्तकं छापणारेच हे मासिक छापतात, म्हणून आईचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आणि नेमका त्याच कारणासाठी आमचा पूर्ण अविश्वास. खरी पंचाईत अशी की तो चांगला निघायचा. मोठमोठे लेखक त्यात आमच्यासाठी लिहायचे, चित्रं झकास असायची. मग आम्ही तो इंद्रजालच्या आत लपवून वाचायचो, म्हणजे मित्रांत अब्रू राहायची. इंद्रजाल लपवायला भूगोलाचं पुस्तक होतं. एकदा आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "भूगोल वाचताना कोणी हसतं का गं?" त्यानंतर मी मख्ख चेहऱ्याने वाचायला शिकले. ते शिक्षण पुढे ऑफिसात फार उपयोगी पडलं.

'अमर चित्र कथा'ला मात्र घरात मानाचं पान. दिल्लीच्या टीव्हीवर प्रश्नमंजूषा चालली होती, मुलांना ग्रीक देव तोंडपाठ, रामाची आई कोण ते येईना. हे पाहून अनंत पैंनी १९६७ साली ही पुस्तकं सुरू केली. त्याआधी हेच पै टाइम्समध्ये होते आणि इंद्रजालच्या उभारणीत होते. म्हणजे तामस आणि राजस एकाच माणसाच्या हातचं! हे आईला मी चाळिशी उलटल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "माणूस सुधारतो."

या पुस्तकांमुळे माझा इतिहास पक्का झाला, फक्त उत्तरपत्रिकेत तो चित्रांसकट उतरे. 'प्रतापगडच्या भेटीचे वर्णन करा' याला मी लिहिलं होतं, 'खान म्हणाला, "या राजे!" मग धप्प! मग खर्रर्र! मग "दगा! दगा!" असे अक्षर मोठ्या काटेरी ढगात आले.' बाईंनी पाचपैकी दोन दिले आणि शेरा मारला, 'आवाजाला गुण नाहीत.' त्याच बाईंनी चिकटवही सक्तीची केली होती. प्राणी, पक्षी, पुढारी, प्रत्येकी बारा. माझ्या चिकटवहीचा वर्गात पहिला नंबर आला. हे जाता जाता सांगितलं.

आवाजावरून आठवलं. दिवाळीत मोठ्यांचा 'आवाज' यायचा. मधुकर पाटकरांनी १९५१ साली काढलेला हा दिवाळी अंक कपाटावर, तांब्याच्या घंगाळ्यामागे ठेवत. त्यात खिडकीचित्रं असायची. कागदात कापलेली खिडकी, बंद असताना भलतंच काही दिसतंय असं वाटे, आणि उघडली की आत बाई बापडी पापड लाटत असे. बाबा आणि शेजारचे काका एकेक खिडकी उघडून ठसकेपर्यंत हसायचे. आम्ही स्टुलावर स्टूल ठेवून तो अंक काढला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पापड लाटण्यात हसण्यासारखं काय आहे, हे शोधत बसलो. बंद खिडकीतलं आम्हाला कळत नव्हतं, म्हणून उघड्या खिडकीतलंही कळलं नाही. लायब्ररीच्या प्रतीत संक्रांतीपर्यंत खिडक्या उघडून उघडून निखळलेल्या असत आणि मग सगळं कसं हवेशीर होई.

लायब्ररीच्या पुस्तकांना आणखी एक दुखणं होतं. आधीच्या वाचकांना मागच्यांचा फार कळवळा. अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पहिल्याच पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं असे, 'खुनी मुनीम आहे.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'नाही, मुनीमाचा मेहुणा.' आणि मुलांच्या अंकांतून पानं गायब व्हायची. काका म्हणत, "उंदीर." पण हे उंदीर फक्त चित्रांची पानं खात आणि कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ ठेवत.

असंच एक पान माझ्या आयुष्यात गेलं. कोणत्या मासिकातलं ते सांगता येत नाही, तपकिरी कव्हर. क्रमशः गोष्ट होती. एक मुलगा किल्ल्यातल्या भुयारात उतरलाय, चोरांचा माग काढत. टॉर्चचा उजेड पिवळा होत चाललाय. पाण्याचा थेंब पडतोय, टप, टप. आणि मागून त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडतो. तो गर्रकन वळतो आणि बघतो तो काय, तर पान नाही.

मी काकांची वही पाहिली. माझ्याआधी तो अंक पम्याने नेला होता. काकांनी त्याला बोलावलं आणि विचारलं, पान कुठे आहे? पम्याने आपल्या तत्त्वज्ञानाला जागून उत्तर दिलं, "माहीत नाही." डोकं शाबूत राहिलं, पण डिपॉझिटचे पाच रुपये गेले आणि मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही. डायनाशिवाय वेताळाचा धंदाच बसला. पुढे बोलणं सुरू झालं, लग्नकार्यं झाली, पण प्रत्येक भेटीत मी त्याला विचारायचे, "काय रे, भुयारात कोण होतं?" आणि तो दरवेळी, "माहीत नाही गं बाई."

मधल्या काळात भुयारात कोण होतं, हे मीच चाळीसेक वेळा ठरवलं. आधी चोरांचा सरदार होता. सातवीत तो मुलाचा हरवलेला बाप झाला. कॉलेजात असताना एक देखणा इतिहास संशोधक. हल्ली हल्ली मला वाटू लागलं होतं, की तो पुरातत्त्व खात्याचा शिपाई असावा आणि पाच वाजले म्हणून सांगायला आला असावा. बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक संगणकावर सगळ्यांना वाचायला मोकळे केल्यावर मी रात्र रात्र जागून शोधलं. इतर शेकडो गोष्टी भेटल्या, सगळ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही पान कमी नाही. वाचताना काहीतरी चुकल्यासारखं वाटे. मध्ये गजर झाला नाही आणि अंक कोणी हिसकावला नाही. भुयार मात्र त्यात नव्हतं.

गेल्या गणपतीत आईची ट्रंक उपसली. तळाशी माझी चिकटवही. पहिला नंबर. वाघ, मोर, नेहरू, सगळे मैद्याच्या खळीने फुगलेले. सातव्या पानावर हत्ती. मोठा रंगीत हत्ती, सोंड वर केलेला, कात्रीने फार निगुतीने कापलेला. सोंडेचं टोक जरा सुटलं होतं, आणि त्याच्या मागे छापील अक्षरं दिसत होती. 'टप, टप'.

मी चहाचं आधण ठेवलं आणि हत्तीला वाफ दिली. पोटाकडून हळूहळू सोडवत आणला. म्हणजे तो अंक आधी एकदा माझ्याकडे येऊन गेला होता. मी हत्ती पाहिला, कापला आणि विसरले. मग पम्याने नेला, मग पुन्हा माझ्याकडे आला आणि मी चोर शोधायला निघाले.

आता उत्तर माहीत असून गप्प बसायचं, तर डोक्याची शंभर शकलं होतात. मी पम्याला फोन केला. तो आता ठाण्याला असतो. गुडघे बदललेत, जिन्याच्या कठड्यावर बसत नाही.

"पम्या, ते पान मी कापलं होतं. हत्तीसाठी."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "ते राहू दे. हात कोणाचा होता?"

मी चष्मा नीट केला आणि हत्तीच्या पोटावरचं वाचून दाखवलं. मुलगा गर्रकन वळतो. टॉर्च विझतो. आणि खाली कंसात, 'पुढील अंकी समाप्त'.

पम्या श्वास घ्यायला थांबला असावा.

"बरं," तो म्हणाला, "आणि पुढचा अंक कोणी ढापला?"